हयातीचा दाखला

मी हयात आहे, याविषयी घरात कुणाचेही दुमत नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्यांना मात्र ते वर्षातून एकदा पटवून द्यावे लागते. सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या मला १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा एक हजार रुपये, म्हणजे २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम मिळते. तीतून एसटीचे भाडे काढून यवतमाळला जाणे परवडत नसल्यामुळे मी गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची पायरी चढलो.

तिथला एकुलता एक संगणक सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ई-केवायसी यांनी इतका गांजलेला आहे की कादंबऱ्यांची कपाटे त्याच्याशेजारी सुखवस्तू दिसतात. भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१चे पाच नियम टांगले आहेत. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. रांगेत उभ्याउभ्या तो माझा पाठ झाला. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, या पाचव्या नियमाची प्रचिती माझ्या मागेच येत होती.

ग्रंथपालबाईंनी यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितले. यंत्राने तो नाकारला आणि पाठोपाठ उरलेली नऊ बोटेही नाकारली. निवृत्तीनंतर मी घरचा कापूस वेचतो. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी खरवडून बोटांवरच्या रेषा कधी गेल्या, ते मला कळले नव्हते. पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्यासाठी मागे उभ्या असलेल्या बायांनी हे पाहून आपापले अंगठे पदराला पुसायला घेतले. एकीने खोबरेल तेल सुचवले, दुसरीने लिंबू. दोन्ही करून झाले. यंत्र तेवढे तेलकट झाले.

शेवटी बाईंनी पुस्तकांची देवघेव बाजूला ठेवून स्वतःचा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला, कारण आता चेहऱ्यावरूनही हयात सिद्ध करता येते. (डिजिटल समावेशन म्हणतात त्याची आमच्या गावातली सगळी यंत्रणा म्हणजे या बाई, त्यांचा मोबाइल आणि नेटवर्क येते ती खिडकी.) “काका, डोये मिचकवा जी,” त्या म्हणाल्या. भरल्या रांगेसमोर संकोचून मी एकच डोळा मिचकावला, तेव्हा जो हशा उठला त्याने दोन्ही डोळे आपोआप मिटले आणि दाखला निघाला.

त्या आनंदात मी चार वर्षांनी एक कादंबरी मागितली. बाईंनी सभासदांची नोंदवही उघडली, माझ्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेले ‘कै.’ पाहून जीभ चावली आणि खोडरबर शोधू लागल्या.