उंदराचं युरिकेज आणि भिरंडाची सालं : एका प्रतिक्रियेला उत्तर

गाउटवरच्या (युरिक ॲसिडचे स्फटिक साचून सांधे सुजण्याचा आजार) मागच्या लेखाखाली म्हापशाच्या एका वाचकांनी लिहिलंय : "वनस्पतींच्या अर्कांनी उंदरांचं युरिक ॲसिड उतरतं, तरी तुम्ही 'माणसाला लागू नाही' म्हणून हात झटकता. उंदीर बाजारातली सुंगटांची (कोळंबीची) सालं खातो, त्याला कधी गाउट झालाय? मग भिरंडाच्या (कोकमाच्या) सालांनी माझं ७.८ युरिक ॲसिड का उतरू नये?"

आधी माझी चूक. 'रॅटमध्ये युरिक ॲसिड तयारच होत नाही' हे मूळ लेखातलं वाक्य चुकीचं होतं, ते दुरुस्त केलंय. (रॅट म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर. माऊस वेगळा.) प्युरिनपासून (पेशींत आणि अन्नात असणारा घटक) झँथिन आणि झँथिनपासून युरिक ॲसिड हा प्रवास त्याच्यातही आपल्यासारखाच होतो. फक्त त्याच्याकडे पुढची एक पायरी आहे. यूओएक्स जनुकापासून बनणारं युरिकेज हे एन्झाइम यकृताच्या पेशीत, पेरॉक्सिसोम नावाच्या बारीक पिशवीत असतं, आणि तिथे ते इतकं दाट असतं की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेरॉक्सिसोमच्या मधोमध त्याचा स्फटिकासारखा गाभाच दिसतो. ते युरिक ॲसिड फोडतं आणि शेवटी ॲलँटॉइन बनतं. ते पाण्यात सहज विरघळतं, लघवीवाटे निघून जातं. म्हणून रॅटच्या रक्तात युरिक ॲसिड डेसिलिटरला जेमतेम १-२ मिलिग्रॅम असतं.

आपल्यातही हे जनुक आहे, पण मोडकं. ३३व्या आणि १८७व्या कोडॉनवर (जनुकातल्या तीन अक्षरांच्या शब्दावर) अकाली 'थांबा'ची खूण आहे, त्यामुळे एन्झाइम बनतच नाही. तेव्हा सुंगटं खाऊन उंदीर सुटतो, यात सुंगटांची निर्दोषता सिद्ध होत नाही. १९९४ साली हेच जनुक बंद केलेले माऊस तयार केले, तेव्हा त्यांचं युरिक ॲसिड ११च्या आसपास गेलं आणि निम्म्याहून अधिक पिल्लं चार आठवड्यांच्या आत दगावली. मूत्रपिंडं स्फटिकांनी तुंबली होती.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. साध्या रॅटमध्ये युरिक ॲसिड चढत नाही म्हणून बहुतेक प्रयोगांत त्याला पोटॅशियम ऑक्सोनेट देतात. ते युरिकेजची जागा अडवतं. नेहमीचा डोस किलोला २५० मिलिग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटला ५० मिलिग्रॅम. ते नीट विरघळत नाही, म्हणून ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाच्या) पाण्यात कालवून पोटात टोचतात. बाटली दरवेळी हलवली नाही तर पहिल्या रॅटला पाणी आणि शेवटच्याला गाळ जातो. परिणामही काही तासांचाच. रक्त दोन तासांनी घेतलं की उशिरा, यावर आकडा बदलतो.

खरी गोम इथे आहे. अर्क दिल्यावर युरिक ॲसिड उतरलं, पण का? ऑक्सोनेटची पकड सुटली असेल, तर युरिकेज पुन्हा कामाला लागतं आणि ॲलँटॉइन वाढतं. अर्क आणि ऑक्सोनेट दोन्ही तोंडानेच दिले असतील, तर अर्कामुळे ऑक्सोनेट आतड्यात शोषलंच गेलं नाही, असंही होऊ शकतं. हा परिणाम आपल्या काही कामाचा नाही, कारण आपल्याकडे सोडवायला युरिकेजच नाही. याउलट युरिक ॲसिड आणि ॲलँटॉइन दोन्ही उतरले, तर ॲलोप्युरिनॉलने (गाउटचं औषध) अडतं तसं झँथिन ऑक्सिडेज (युरिक ॲसिड बनवणारं एन्झाइम) अडलेलं असू शकतं. तो परिणाम मात्र माणसात तपासण्याजोगा. लघवीत युरिक ॲसिड वाढलं असेल तर मूत्रपिंडाचा मार्ग. म्हणजे रॅटचे प्रयोग फुकट नाहीत, पण ज्या निबंधात फक्त रक्तातल्या युरिक ॲसिडचा स्तंभ आहे आणि ॲलँटॉइनचा नाही, त्यावरून यांतलं काहीच ठरत नाही.

आणखी एक फसगत मोजणीतच आहे. पणजीत असो वा म्हापशात, लॅबमधला नेहमीचा किट युरिकेजच वापरतो! त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि ते रंग आणतं. नमुन्यात क जीवनसत्त्वासारखं काही भरपूर असेल तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं, रंग फिका येतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. अर्क पाजलेल्या रॅटच्या रक्तातही हा संशय ठेवावा.

तुमच्या ७.८ बद्दल : शरीराच्या तापमानाला साधारण ६.८च्या वर स्फटिक बनू शकतात, पण सांधा कधीच सुजला नसेल तर नुसत्या आकड्यावर सहसा गोळी देत नाहीत. गाउट झालेल्यांना ६च्या खाली आणतात. सोलकढी खुशाल प्या, तिच्या भरवशावर चालू गोळी मात्र सोडू नका. आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देतानाच तंत्रज्ञाला सांगा.