नो-ड्रॉप म्हणे!

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज येऊन पडतो: ‘उद्या सोशल राइड. वेग २२ ते २५. नो-ड्रॉप. कोणालाही मागे सोडलं जाणार नाही. नवीन मंडळींचं स्वागत!’ खाली सायकलींची, सूर्याची आणि जोडलेल्या हातांची रांग. आणि रविवारी कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे निघून शिंदेवाडीला हायवेला लागलो रे लागलो, की त्याच मेसेजखाली अंगठे टेकवलेले महाभाग असे सुटतात की वाईला कोणीतरी यांच्या नावाचा सातबारा घेऊन बसलंय आणि साडेआठला कचेरी बंद होणार आहे.

मला वेगाचा राग नाही. पाय आहेत, वय आहे, कार्बनची सायकल आहे, मारा की! आठवड्यात पहाटे बोपदेव घाटात जाणारी फास्ट टोळी आहे ना तुमची? तिथे फुफ्फुसं तोंडात येईस्तोवर मारा. पण रविवारी ३२ ने जायचं असेल तर मेसेजमध्ये ३२ लिहायला काय धाड भरते? ३२ वाचलं तर मी येणारच नाही. गपचूप एकटी खडकवासल्याला जाऊन, भाजलेलं कणीस खाऊन घरी येईन. पण तुम्ही २२ लिहून मला पहाटे चारला उठवता, डबे करून ठेवायला लावता, आणि सातच्या आत हायवेवर एकटी सोडता. ही शुद्ध फसवणूक आहे.

घाटावर मागे पडण्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते, हेही सांगून ठेवते, कारण लगेच कोणीतरी ‘चढावर प्रत्येकाचा पेस वेगळा असतो ताई’ म्हणून शिकवायला येईल. माहीत आहे. खंबाटकीला जो तो आपापल्या गिअरमध्ये, आपापल्या कुलदैवताचं नाव घेत चढतो. चढावर वेगच एवढा कमी की वाऱ्याचा फारसा संबंध नाही, तिथे वजन आणि पाय. वर जाऊन थांबलं की झालं. डोकं फिरतं ते सपाटीवर.

सपाटीवर सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. २५ चे ३० केले तर वाऱ्यापुरती ताकद जवळपास पावणेदोन पट लागते. हाच वारा पुढच्याच्या मागचं चाक धरून चाललं तर बराच वाचतो, म्हणूनच तर चार माणसं जमवून निघायचं! पुढचा एकसारखा चालला, तर पंचेचाळिशीतली, रात्री ओटा आवरून झोपलेली बाईसुद्धा २८ ला मजेत टिकून राहते. मी राहिलेली आहे. तेव्हा ‘स्लो रायडर’ मुळात मागे पडत नाही, त्याला पाडलं जातं. कसं, ते बघा.

टोलनाका जवळ आला की रस्त्यावर ते पांढरे जाड पट्टे येतात, रंबलर. हाडं खिळखिळी करणारे. पहिला रायडर ते ओलांडतो आणि तत्क्षणी उभा राहून पेडल मारतो. त्याच वेळी बारावा रायडर अजून त्या पट्ट्यांवर धडधडत असतो, दोन्ही ब्रेक दाबून. पुढचा ३० ला, हा १४ ला. रबर ताणलं जातं. बाराव्याला ते अंतर भरायला आता एकट्याने, वारा अंगावर घेत, ३५ मारायला लागतात. भरलं, मागचं चाक धरलं, पाण्याचा घोट घ्यावा म्हणून बाटलीला हात घातला, की पुढे सर्व्हिस रोडवरून ट्रॅक्टर आडवा. परत ब्रेक, परत तेच. असं पाच-सहा वेळा झालं की कोणाचीही मांडी पेटते. पुढच्याला याचा पत्ताच नसतो, कारण तो आयुष्यात कधी बारावा झालेलाच नाही. उपाय काय? पट्टे ओलांडल्यावर दहा सेकंद हळू पेडल मारायचं. दहा सेकंद! त्याने काय तुमचं एफटीपी, म्हणजे तासभर टिकवता येणारी ती तुमची लाडकी ताकद, विरघळून जाणार आहे?

दुसरी जमात अर्धं चाक पुढे ठेवणाऱ्यांची. तुम्ही शेजारी शेजारी चाललाय, गप्पा सुरू आहेत, मुलीची बारावी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. आणि याचं पुढचं चाक हळूच सहा इंच पुढे. तुम्ही सौजन्य म्हणून बरोबरीला येता, की परत सहा इंच. तोंडाने ‘हो ना, हो ना’ चाललंय आणि पायाने शर्यत. थोड्या वेळाने तुम्हाला बोलायला श्वास उरत नाही आणि तो म्हणतो, ‘आज दमलात वाटतं?’ अशा माणसाच्या चाकात पंप घालावासा वाटतो. घालत नाही, कारण पंप महाग आहे.

आता रीग्रुपचा, म्हणजे थांबून परत सगळ्यांनी एकत्र होण्याचा तमाशा. कापूरहोळला थांबायचं ठरलेलं असतं. पुढची मंडळी पोहोचतात. चहा होतो, केळी होतात, बाटल्या भरून होतात, टपरीच्या मागे जाऊन येणं होतं, चेनला तेल घालणंही होतं. वीस मिनिटं पाय मोकळे करून ताजीतवानी. मग सगळ्यात शेवटी मी येते, घामाने निथळत. एक पाय पेडलच्या पकडीतून सोडवून जमिनीवर टेकते न टेकते, तोच राइड लीडर शिट्टी मारतो: ‘चला, आले सगळे! निघू या!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला वीस मिनिटं, आणि ज्याला आहे त्याला हेल्मेटचा पट्टा सैल करण्याएवढीही नाही. पुढच्या टप्प्यात मी आणखी मागे पडणार हे सांगायला जोतिषी लागत नाही. आणि यालाच हे लोक ‘थांबलो होतो की तुमच्यासाठी’ म्हणतात. माझ्यासाठी? चहासाठी थांबला होतात!

बरं, निघता निघता फुकटचा सल्ला असतोच. ‘ताई, तुमचं पेडलिंग गोल होत नाही.’ ‘ताई, सीट पाच एमएम वर घ्या.’ ‘ताई, ई-सायकल का नाही बघत?’ सांगणारा सहा महिन्यांपूर्वी सायकल घेतलेला, मागच्या महिन्यात सिंहगडावरून उतरताना वळणावर झुडपात गेलेला. उतारावर ब्रेक कसा दाबायचा ते आधी शिक बाळा, मग माझी सीट बघ.

आणि पंक्चर. मध्यंतरी चेलाडी फाट्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. नियम साधा आहे: मागून ‘पंक्चर’ अशी हाक आली की प्रत्येकाने ती पुढे पोहोचवायची. माझी हाक तीन माणसं पुढे गेली आणि चौथ्याच्या इअरफोनमध्ये मेली. चौथ्यापासून पुढचे सगळे गेले. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्या दोघांनी मागे वळून हात केला, ‘येताय ना?’ अशा अर्थी, आणि तेही गेले. येतेय ना! रिमवर येऊ का?

थांबले फक्त आमचे काका. साठी ओलांडलेले, जुनी स्टीलची सायकल, हॅण्डलबारला कापडी पिशवी. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही व्हा पुढे, तुमचाही ग्रुप चुकेल.’ तर म्हणाले, ‘उपकार करत नाहीये गं. तुझ्याकडे ट्यूब आहे, माझ्याकडे पंप आहे. उद्या माझं बसलं तर?’ टायर उतरवला. मी नवीन ट्यूब घालायला निघाले तसा त्यांनी हात धरला. हातमोजा काढून टायरच्या आतून बोटाचं पेर हळूहळू फिरवलं, पूर्ण वेढा. एका ठिकाणी थांबले. नखाएवढी तार. ट्रकचे टायर फुटून त्यांच्यातल्या पोलादी तारांचे तुकडे हायवेच्या कडेला पडतात ना, त्यातलीच, केसासारखी बारीक. बाहेरून दिसत नव्हती. ती न काढता ट्यूब घातली असती तर पुढच्या मैलात तीही गेली असती. काकांनी नेलकटरने ती ओढून काढली, मला राजगिऱ्याची वडी दिली आणि पंप माझ्या हातात ठेवला, ‘आता तू मार, माझा खांदा दुखतो.’ वितभर पंपाने रोड बाईकच्या चाकात हवा भरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. शेजारी पंक्चरचं दुकान होतं, पण त्याच्या नळीला आपला प्रेस्टा व्हॉल्व्ह बसत नाही, त्याला तो छोटा पितळी अडॅप्टर लागतो, आणि तो होता राइड लीडरच्या सीटखालच्या पिशवीत. म्हणजे तोवर शिरवळला.

आम्ही पोहोचलो तेव्हा ग्रुप फोटो काढून, टाकूनसुद्धा झाला होता. खाली ओळ: ‘सायकलिंग फॅमिली!’ फॅमिलीतली दोन माणसं फोटोत नाहीत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. उलट एकाने विचारलं, ‘कुठे होता तुम्ही? अ‍ॅव्हरेज किती आला?’ किती आला म्हणजे? शून्य आला! पाऊण तास रस्त्याच्या कडेला बसल्यावर किती येतो?

हीच मंडळी सोमवार ते शनिवार ग्रुपवर झोन टूची, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवून चालवण्याची प्रवचनं करतात. ‘हळू चालवाल तर वेगवान व्हाल.’ ‘गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकाच जोर.’ अगदी बरोबर आहे हो. दम वाढवायचा तर बहुतेक राइड सोप्याच असायला हव्यात, यावर मोठमोठ्या कोचचं एकमत आहे. मग रविवारी काय होतं? नारायण पेठेपासून नसरापूरपर्यंत दिसेल त्या फ्लायओव्हरवर स्प्रिंट कशाला? संध्याकाळी स्ट्राव्हा अ‍ॅपवर हृदयाचे ठोके १७२ आणि वर मथळा ‘ईझी स्पिन विथ फ्रेंड्स’. फ्रेंड्स कुठे होते त्यात? ते चेलाडी फाट्यावर टायरमध्ये बोट फिरवत होते.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड केलेली माणसं ग्रुपमध्ये आहेत म्हणून तर जास्तच संताप होतो. त्यांना तरी कळायला हवं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास पडतं. पहिला-दुसरा असा नंबरच नसतो, वेळेत आलात की सगळे सारखे. इतकंच काय, फार लवकर पोहोचलात तर कंट्रोल, म्हणजे हजेरी लावायचा थांबा, उघडलेलाच नसतो! २०० चा शेवटचा कंट्रोल ५ तास ५३ मिनिटांच्या आत उघडत नाही, बसा बाहेर दगडावर. फ्रान्समधल्या ज्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइडला जायची स्वप्नं आमच्यातले दोघे-तिघे बघतात, ती १८९१ मध्ये सुरू झाली शर्यत म्हणूनच. आज तिथे जगभरातली हौशी माणसं ९० तासांत १२०० किलोमीटर करतात आणि वाटेत बस थांब्यावर आडवी होऊन झोपतात. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला रात्री दोनला स्वतःची ट्यूब काढून देतो. मला मिळालेली आहे, एका बीआरएमला, खंबाटकीच्या पायथ्याशी. नावसुद्धा विचारायचं राहिलं. आणि इथे दर रविवारी एकत्र मिसळ खाणाऱ्या माणसांना मागे वळून बघायला मान वळत नाही. मान वळत नाही की बिब शॉर्ट्स आखडतात, कोण जाणे.

मी काय मागते आहे? एक माणूस शेवटी ठेवा, जो खरंच शेवटी राहील, पाळीपाळीने. दर वेळी काकाच का? पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवावा. आमच्याकडे खड्डा चुकवतात ऐन वेळी, चपळाईने, आणि मागचा थेट आत. रीग्रुपला शेवटचा आल्यावर पाच मिनिटं घड्याळात मोजून थांबा. यातलं काहीही करायला पॉवर मीटर लागत नाही. आणि जमणारच नसेल तर दोन ग्रुप करा, दोन मेसेज टाका, कोणी रागावणार नाही. परवा हे सगळं ग्रुपवर लिहिलं, नीट, शिव्या न देता. उत्तर आलं: ‘ताई, पॉझिटिव्ह राहा.’ खाली चौदा टाळ्या.

आता नवीन जर्सी काढायचं चाललंय. अठराशे रुपये, यूपीआयने आगाऊ. डिझाइनही आलंय, निळ्या रंगावर केशरी अक्षरांत पाठीवर भलं मोठं: ‘सोबत निघू, सोबत पोहोचू’. पाठीवर. म्हणजे वाचायचं कोणी, तर मागे राहिलेल्याने. आणि ते पूर्ण वाचून व्हायच्या आत तुम्ही वळणापलीकडे गेलेले असता. माझं माप विचारू नका, मी पैसे भरणार नाही.