उजव्याला कसं डावलावं

चिअरलीडिंगच्या संघात फ्लायर, म्हणजे बाकीच्यांच्या हातांवर उभी राहणारी, म्हणून निवड झाली ना तुमची? अभिनंदन. आता पहिलं काम, आपल्या दोन पायांपैकी लाडका कोणता आणि नावडता कोणता हे ठरवून टाकायचं. तसं तेही तुम्हाला ठरवावं लागणार नाही, आधीच्यांनी ठरवून ठेवलंय. उभं राहायचं उजव्यावर, वर न्यायचा डावा. लिबर्टी असो, हील स्ट्रेच असो, बो अँड ॲरो असो नाहीतर स्कॉर्पिअन, एका पायावर उभं राहून करायच्या या सगळ्या मुद्रांमध्ये खाली उजवा आणि वर डावा. का, असं विचारू नका. विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘सगळे तसंच करतात.’ आणि या उत्तरात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजानं कबूल करतो. चार गट एका ओळीत आपापली फ्लायर उचलून स्टंट उभा करतात तेव्हा चौघींचा एकच पाय वर गेलेला बरा दिसतो. कोणतं पाऊल झेलायचं ते बेसच्या, म्हणजे खालून फ्लायरला पेलणाऱ्याच्या, हातात बसलेलं असतं. एखादी फ्लायर आजारी पडली तर शेजारच्या गटातली तिच्या जागी चढवता येते. एकूण सगळ्यांची सोय आहे. फक्त तुमच्या कमरेला कुणी विचारलेलं नाही.

1898 साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं गर्दीपुढे जाऊन घोषणा द्यायला सुरुवात केली, तिथून चिअरलीडिंगचा जन्म मोजतात. त्याला कुणाच्या तळहातावर उभं राहायचं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्नच पडला नाही. सुखी माणूस.

आता गंमत बघा. बहुतेक उजव्या माणसांना चेंडूला लाथ मारायला सांगितलं तर ती डाव्या पायावर उभी राहतात आणि उजवा उडवतात. म्हणजे ज्याला उंच जायची सवय आहे तो उजवा. चिअरमध्ये आपण त्यालाच खांब करतो. जिम्नॅस्टिक्समधून आलेली एखादी मुलगी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं उजवा पाय कानापाशी नेऊन दाखवते. तिला थंडपणे सांगावं, ‘छान, आता दुसरा.’ तो दुसरा छातीपर्यंत येऊन थरथरायला लागला की म्हणावं, ‘यावर काम कर.’ त्या दिवसापासून तिच्या उजव्याचं पेन्शन सुरू. मराठीत डावलतात म्हटलं की डाव्यावरच अन्याय झाला असेल असं वाटतं. इथं डावलला जातो तो उजवा.

स्ट्रेचिंग कसं करावं, ते नीट सांगतो, कारण खरी कला तिथं आहे. डावा पाय पुढे आणि उजवा मागे सरळ पसरून स्प्लिटमध्ये बसा. टाचेखाली फोमचा ब्लॉक ठेवा. मोबाइलवर दोन मिनिटं लावा. श्वास लांब घ्या, बोटं ताणा, चेहऱ्यावर तपस्व्याचा भाव ठेवा. मिनिटं संपली की आणखी एकदा, ‘फक्त तीस सेकंद’ म्हणून. मग उजव्याची पाळी. तेवढ्यात पाण्याची बाटली कुठे ठेवली ते आठवावं. परत येऊन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधावी. मग उजवा पाय पुढे सरकवून, मांडी जमिनीपासून वीतभर वर असतानाच मोजायला लागावं: पाच, सहा, सात, आठ. झालं. मोजणी पाचापासून का, असं कुणी म्हणालंच तर सांगा, चिअरमध्ये प्रत्येक गोष्ट पाच-सहा-सात-आठनंच सुरू होते.

उजवा स्प्लिट आणखी महिनाभरानं मांडीभर वर राहील, आणि तुम्ही म्हणाल, ‘बघा, हा पाय आहेच कडक.’ नावडतीचं मीठ अळणी.

एक गोष्ट मात्र कुणाला कळू देऊ नका. स्प्लिट कुठल्या पायाचा, हे आपण पुढच्या पायावरून ठरवतो. पुढच्या पायाची मागची बाजू ताणली जाते, म्हणजे हॅमस्ट्रिंग. पण मागे गेलेल्या पायाच्या जांघेतला हिप फ्लेक्सर हा स्नायूही त्याच वेळी ताणला जात असतो. हील स्ट्रेचमध्ये डावा पाय वर, कानाच्या बाजूला जातो. तिथं डावा स्प्लिट कामाला येतो, इथवर ठीक. पण स्कॉर्पिअनमध्ये तोच डावा पाय मागून डोक्याकडे जातो. उजवा खाली, डावा मागे. मॅटवर बसून ही आकृती काढा बरं. उजवा पुढे, डावा मागे. हा तर उजवा स्प्लिट निघाला! म्हणजे ज्या लाडक्यासाठी तुम्ही सहा महिने दुसऱ्याला उपाशी ठेवलंत, त्या लाडक्याचं अर्धं जेवण दुसऱ्याच्याच ताटात होतं. हे कळल्यावर काही फ्लायर खचतात. तुम्ही खचू नका. स्कॉर्पिअन जात नाही त्याचं खापर बेसवर फोडा. खालून हलतायत म्हणावं.

किंवा कमरेवर फोडा, ती बोलत नाही. जांघ उघडत नसेल, खांदे मागे जात नसतील, तर उरलेली सगळी वाट कमरेच्या खालच्या मणक्यांनी चालायची. सरावात रोज, एकाच बाजूला पीळ देऊन, वीसवीस वेळा. मणक्याच्या मागच्या भागातल्या बारीक हाडाला अशानं हळूहळू तडा जाऊ शकतो. डॉक्टर त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. जिम्नॅस्टना होतो, वेगवान गोलंदाजांना होतो, आणि गोलंदाजांमध्ये तो बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला सापडतो. शरीर किती बारकाईनं हिशेब ठेवतं बघा. पण मागे वाकलं की एका बाजूला दुखतं, ही काय सांगायची गोष्ट आहे? स्पर्धा झाल्यावर बघू. स्पर्धा झाल्यावर पुढची स्पर्धा असते.

घाई असेल तर मैत्रिणीला बोलवा. अंग गरम करण्यात वेळ घालवू नका. तुम्ही स्प्लिटमध्ये बसा आणि तिला सांगा, खांद्यांवर दोन्ही हात ठेवून दाब. वाढीच्या वयात हॅमस्ट्रिंग जिथं बैठकीच्या हाडाला चिकटतो ती जागा अजून पक्की झालेली नसते. अचानक जोर आला तर स्नायू टिकतो आणि हाडाचा तुकडाच ओढून निघतो, ‘टक्’ असा आवाज करून. मैत्रीण म्हणेल, ‘अय्या, गेलीस की खाली!’

(इथं मला हसू येत नाही, पण लेख उपरोधिक आहे, पुढे जाऊ.)

ताकदीचं काय, असं एखादा शंकेखोर विचारेल. ताकदीची वाटणी तर इतकी स्वच्छ आहे की भावकीत कधी झाली नसेल. उजव्याला मिळाला घोटा, ताठ गुडघा आणि कुल्ल्याच्या बाजूचा तो स्नायू, जो एका पायावर उभं असताना कंबर कलू देत नाही. डाव्याला मिळाली लांबी. एक नुसता खांब, दुसरा नुसती पताका. पताकेवर उभं राहायची वेळ येत नाही, तोवर चिंता नाही. म्हणून दात घासताना डाव्या पायावर उभं राहून बघू नका. त्यातही डोळे मिटून तर मुळीच नको. बेसिन धरावं लागेल. आणि हील स्ट्रेचमध्ये पाय कानापाशी असताना त्याला धरलेला हात सोडूनही बघू नका. हातानं ओढून नेलेला पाय हात सुटल्यावर जिथं येऊन थांबतो, तेवढाच तुमचा स्वतःचा असतो. बाकीचा उसना.

एवढं सगळं सांभाळून वर्ष छान जातं. फोटो सगळे डाव्या बाजूचे. मग एक दिवस कोच अडीच मिनिटांचं नवं रूटीन बसवायला घेतात आणि त्यात एक टिक-टॉक घालतात. म्हणजे तुम्ही उजव्यावर उभ्या, खालचे दोघं बेस गुडघ्यात दबतात, वर झोका देतात, हवेतच पाय बदलायचा आणि त्यांच्या हातात डावा ठेवायचा. डावा तळहातावर टेकतो. घोटा आतबाहेर लटपटतो, मागे आधाराला उभा असलेला बॅकस्पॉट तो दोन्ही हातांनी आवळून धरतो. आता उजवा वर. तो कमरेपर्यंत येतो. तिथं थांबतो. शेजारच्या तिघींचे उजवे पाय त्यांच्या कानांपाशी आहेत आणि तुमचा पुढे आडवा, फाटक लावल्यासारखा. बेस खालून तुमच्या बुटाचा तळ बघतोय आणि त्याच्या कपाळावरचा घाम त्याच्या डोळ्यात जातोय.

अशा वेळी माझा सल्ला: गुडघा वाकवा, पाऊल दुसऱ्या गुडघ्यापाशी आणा, हात वर करा आणि दात दाखवून हसा. त्याला लिबर्टी म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, मुद्दामच वेगळं केलंय. परीक्षक लांब बसत नाहीत, हा त्यांचा दोष.

खाली उतरल्यावर कोच विचारतील, ‘पुन्हा एकदा, तयार?’

मान हलवून सांगा, ‘एका पायावर.’

कोणत्या, ते त्यांनी विचारायच्या आत मॅटवर जाऊन उभ्या राहा.