रोलबारला भोक पाडून देणार नाही, बाकी सगळं बोलू

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं, फोटोही मोठा करून पाहिला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मिनी ट्रॅक्टरच्या रोलबारला, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या सीटमागच्या पोलादी चौकटीला, बसणारा आमचा अवजार-स्टँड आणि मडगार्डवरची पेटी तुम्ही घेतलीत. तुमचं म्हणणं असं की स्टँड खाली सरकला, पहार वाटेत पडली, पेटीत काही मावत नाही, चेनसॉला जागाच नाही, आणि रोलबारला दोन भोकं पाडून बोल्ट मारून द्या म्हटलं तर आम्ही अडेलतट्टूपणा केला. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आम्ही खरोखरच अडेलतट्टू आहोत.

ट्रॅक्टर उलटला तर रोलबार ठरावीक प्रमाणात वाकून धक्का पचवतो आणि चालकाभोवती जिवापुरती जागा राखतो, अर्थात सीटचा पट्टा बांधलेला असेल तरच. तो किती भार घेईल, किती वाकेल, हे चाचणी करून ठरवलेलं असतं. त्यात भोक पाडलं की ताण त्या भोकाच्या कडेला गोळा होतो. वेल्डिंग केलं तर उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचे गुण बदलतात. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तर लोक बिनधास्त ड्रिल लावतात. पाडलेलं भोक नंतर बुजवूनही भागत नाही, पूर्ण रोलबारच बदलावा लागतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट १९५९ मध्ये सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे पुढे खूप कमी झाले. अशा चौकटीला फावडं टांगण्यासाठी छिद्र पाडायचं, हे आम्हाला पटत नाही. कुठलाही फॅब्रिकेटर चहा संपायच्या आत पाडून देईल, हे माहीत आहे. आम्ही देणार नाही.

आता स्टँड का सरकला ते. तुमच्या फोटोत क्लॅम्प आणि रोलबारच्या मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी दिसते. रंग खरवडू नये म्हणून घातली असेल, हेतू चांगलाच आहे. पण रबर दाबाखाली हळूहळू बसतं, तेवढी बोल्टची ओढ कमी होते, आणि ट्रॅक्टरच्या थरथरीने उरलंसुरलं काम होतं. क्लॅम्प थेट नळीवरच बसला पाहिजे. रबर हवं ते वर, अवजार जिथे टेकतं आणि खडखडतं तिथे. पट्टी काढा, नट पुन्हा आवळा, पहिल्या दिवसाचं काम झाल्यावर एकदा आणि मग अधूनमधून पान्याने तपासत राहा. नायलॉनवाले लॉक नट आणि रुंद खोगीर-पट्ट्यांचा संच आम्ही आमच्या खर्चाने पाठवतो. रोलबार दुमडणारा असेल, तर क्लॅम्प बिजागरीच्या खालीच लावा. वर लावलात तर झाडाखालून जाताना तो दुमडताच येणार नाही.

पहारीचं मात्र वेगळं आहे. ती त्या स्टँडसाठी नाहीच. स्टँड फावडं, दाताळं, कुऱ्हाड अशा हलक्या, दांड्याच्या अवजारांचा. पहार वर टांगली की वजन उंचावर जातं, आणि मिनी ट्रॅक्टर आधीच अरुंद, उतारावर आडवा चालवताना ते जाणवतंच. जड लांब वस्तू खाली, पायरीच्या बाजूने, चाकाच्या बाहेर न डोकावता ठेवायची. वर अडकवण, खाली टेकण, आणि मधे एक पिन. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, हायड्रोलिक पूर्ण वर-खाली करा, लोअर लिंक, म्हणजे मागे अवजार जोडायचे खालचे दोन हात, कुठे घासत नाहीत ना ते बघा. बऱ्याच जणांना हा घोळ शेतात गेल्यावर कळतो.

काही जण प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बांधून त्यात फावड्याचा दांडा खोचतात. स्वस्त आणि चांगली युक्ती आहे, फक्त तसं केल्यावर फावड्याचं पातं बरोबर कानाच्या उंचीवर येतं. पातं खाली राहील अशी अडकवण करा. आणि बांधायला लोंबत्या टोकाची दोरी किंवा लवचिक पट्टा नको. पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरती ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. दोरीचं टोक त्यात गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

पेटी लहान आहे, हे खरं. ती मुद्दाम लहान आहे. चढ-उतार करताना पाय अडखळू नये आणि मडगार्डच्या पत्र्याला तडा जाऊ नये, एवढाच तिचा आकार. शेतात अडतं ते कशाने? पिनांनी. कॅटेगरी १ (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीचं ठरलेलं माप) मध्ये टॉपलिंकची, म्हणजे वरच्या जोडदांड्याची, पिन १९ मिलिमीटर, लोअर लिंकची २२, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. दोन्ही एकेक जादा, मूठभर लिंच पिना, रोटाव्हेटरचे शिअर बोल्ट (जादा भार आला की मुद्दाम तुटणारे), पक्कड, लागणारे दोन-तीन पाने, हातोडी, थोडी तार. हे सगळं मावतं. मोठ्या पेटीत आणखी काय जातं ते आम्ही दुरुस्तीला आलेल्या पेट्यांत बघतो, त्यावर न बोललेलं बरं. तळाची दोन छिद्रं बुजवू नका, तीच पाणी काढतात.

यापेक्षा जास्त न्यायचं असेल, तर थ्री पॉइंटवर, म्हणजे टॉपलिंक आणि दोन लोअर लिंकच्या मागच्या जोडणीवर, बसणारं कॅरियर घ्या, आमच्याकडचंच असं नाही. फक्त उचलण्याची क्षमता बहुतेक वेळा लिंकच्या टोकामागे ६१० मिलिमीटरवर दिलेली असते. सामान त्याहून मागे गेलं की ती घटते आणि पुढची चाकं हलकी होतात. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो.

चेनसॉ रोलबारवर नको. तिचं तेल गळतं आणि खाली तुम्ही बसलेले असता. पात्याला कव्हर, चेन ब्रेक लावलेला, सायलेन्सरपासून लांब, मडगार्डच्या मागच्या बाजूला पातं मागे तोंड करून, अशी म्यान आमच्याकडे वेगळी मिळते. स्टँडच्या बदल्यात ती हवी असेल तर बदलून देतो, वरचा फरक घेणार नाही. पेटीही नको असेल तर परत पाठवा, चेपलेली नसली म्हणजे झालं.

संच पाठवण्यासाठी ऑर्डरखाली रोलबारच्या नळीचं माप लिहा. गोल असेल तर बाहेरचा व्यास, चौकोनी असेल तर दोन्ही बाजू.