काम एक नंबर, फक्त स्टार्ट होत नाही

गॅरेजमध्ये गेली तेव्हा गाडी चालू होती, हे आधी नोंदवून ठेवतो. तापत होती, रेडिएटरमधलं पाणी कुठे गडप करत होती ते तिलाच ठाऊक, मागून पांढरा धूर सोडत होती. पण चावी फिरवली की सुरू व्हायची. मेस्त्रींनी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेल्याचं सांगितलं, हेड उतरवलं, घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, सगळं परत जोडलं आणि मला फोन केला, "साहेब, काम एक नंबर झालंय. फक्त स्टार्ट होत नाहीये."

आपण काही विसंगत बोलतोय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. गॅस्केटचं काम हे एक खातं आणि गाडी सुरू होणं हे दुसरं, असा त्यांचा स्वच्छ हिशेब. मी पोचलो तर बॉनेट उघडं, इंजिन धुऊन-पुसून लख्ख, आणि बाजूच्या ट्रेमध्ये एक एकटाच बोल्ट.

"हा कुठला?"

"तो या गाडीचा नाही," मेस्त्री इतक्या ठामपणे म्हणाले की मी बोल्टची माफी मागायची तेवढी बाकी ठेवली.

मग मी चावी फिरवली. खुर्रर्र, खुर्रर्र, खुर्रर्र. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. आता, बंद गाडीच्या सेल्फच्या आवाजात काय जादू असते कोण जाणे, माणसं कुठूनकुठून गोळा होतात. त्यांना बोलवावं लागत नाही आणि पाठवताही येत नाही. डोकं दुखतंय म्हटलं की ऐकणारा जसा स्वतःचंच जुनं दुखणं सांगायला लागतो, तसं इथेही प्रत्येकाने आपापल्या गाडीचा आजार माझ्या गाडीला बहाल केला. ज्यांची बॅटरी कधीकाळी उतरली होती ते म्हणाले बॅटरी. ज्यांच्या टाकीत कचरा निघाला होता ते म्हणाले कचरा. एका निवृत्त गृहस्थांनी नुसतंच "टायमिंग" म्हणून हाताची घडी घातली. त्यांना पुढे काही सांगायचं नव्हतं, आणि त्यामुळेच बहुधा सगळ्यांना ते खरे जाणकार वाटले.

बॅटरीवाल्यांनी हट्टाने मीटर लावायला लावलं. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या फार खाली गेली तर समजावं की ती थकलीय. आमची दहाच्या वर टिकून होती. बॅटरीवाले म्हणाले, "मीटर बिघडलंय."

टायमिंगचा मुद्दा मात्र मेस्त्रींना लागला. लागणारच. चारस्ट्रोक इंजिनात क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो, आणि हे नातं सांभाळायला असतो तो टायमिंग बेल्ट. हेड उतरवायचं तर तो काढावा लागतो. परत बसवताना दोन-तीन दात इकडचे तिकडे झाले तर गाडी सुरू होणं राहू द्या, काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होते. म्हणजे मेस्त्रींवर हा थेट आरोपच होता. त्यांनी एक शब्द न बोलता वरचं कव्हर खोललं, क्रँक हाताने फिरवला आणि दोन्ही खुणा समोरासमोर आणून दाखवल्या. शिवाय म्हणाले, "आवाज ऐका. दर वेळी सारखा दाबून येतोय. कॉम्प्रेशन नसतं तर सेल्फ नुसता भिरभिरला असता." हे मला फार आवडलं. इतक्या माणसांत गाडीचं म्हणणं ऐकणारे ते एकटेच होते. गृहस्थांनी घडी सोडली आणि उलट्या दिशेने घातली.

एकूण प्रश्न खरं तर तीन-चारच असतात. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, दाब बनतोय का, आणि हे सगळं वेळेवर होतंय का. चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून पंपाची क्षणभर गुणगुण ऐकू येत होती. प्लग काढला तर टोकापाशी ओलाचिंब, पेट्रोलचा भपकारा नाकात. म्हणजे पेट्रोल पोचत होतं आणि न जळता तिथेच बसत होतं. कचरापक्ष पडला, पण पडल्यासारखा दिसला नाही. मेस्त्रींनी कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या भागाला, ठिणगी तपासायचं उपकरण लावलं, मी सेल्फ मारला. अंधार. चारही सिलिंडरला अंधार.

एक कॉइल जाते, समजू शकतो. गॅस्केट बदलताना चारही कॉइल एकदम आत्महत्या करत नाहीत. तरी जमावात नवीन कॉइल, नवीन कॉम्प्युटर आणि एकाने सुचवल्याप्रमाणे नवीन गाडी, इथवर मजल गेली. माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात धोक्याचा टप्पा. काल चालणारी गोष्ट आज चालत नसेल तर मधल्या वेळात हात कुठेकुठे लागला ते बघावं. पण महागडा भाग बदलण्यात एक प्रतिष्ठा आहे, सुटलेली वायर शोधण्यात ती नाही.

तेवढ्यात हेल्पर, जो एवढा वेळ टॉर्च धरून गप्प उभा होता, हेडच्या मागे वाकून म्हणाला, "मेस्त्री, ही कुठं लावायची?"

चारही कॉइलची अर्थिंगची वायर होती. काळी, बारीक, टोकाला तांब्याचं कडं, आणि ते कडं हेडवर कसलेलं असायला हवं होतं. ते फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या, बाजूला अधांतरी लोंबत होतं. सेल्फची जाड अर्थिंग वेगळी, म्हणून तो झोकात फिरत होता. मेस्त्रींनी वायर पाहिली, मग ट्रे पाहिला, मग माझ्याकडे न पाहता तो 'या गाडीचा नसलेला' बोल्ट उचलला. तो भोकात असा बसला की जन्मापासून तिथेच होता. अर्थात तो होताच.

एवढ्या सेल्फबाजीने सिलिंडर पेट्रोलने भिजले होते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्या तेव्हा पेट्रोल बंद करून आत फक्त हवा घेतात. पण आता सेल्फचाही दम उतरत चालला होता. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला. त्याआधी लोक पुढे उभे राहून हँडल फिरवायचे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडून घ्यायचे. जमावातली काही मनगटं पाहून मला त्या पद्धतीत बरेच गुण दिसायला लागले होते.

खुर्र... खुर्र... भुक्. आणि सुरू! सांडलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर जळून एवढा धूर झाला की सगळे मागे सरले. धूर विरला तेव्हा बॅटरीवाले, कचरावाले आणि टायमिंगवाले एकमेकांना एकच वाक्य सांगत होते, "मी म्हणालोच होतो, करंटचा प्रॉब्लेम आहे."

मेस्त्रींनी बॉनेट आपटलं. "बॅटरी पार उतरलीय साहेब. चार्ज होईपर्यंत चांगलं फिरवून आणा. मध्ये कुठंही बंद करायची नाही."

मी मान डोलावली, गिअर टाकला आणि गॅरेजबाहेर पडल्यावर पेट्रोलचा दिवा लागलेला पाहिला. पंपावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : इंजिन बंद करा.