टॅक्स कमी केला, मग नोकऱ्या कुठे गेल्या?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की श्रीमंतांचा आणि कंपन्यांचा टॅक्स कमी करा, ते कारखाने काढतील, पगार वाढतील, पैसा आपोआप खाली झिरपेल, आणि जे टॅक्सच भरत नाहीत त्यांनी यावर बोलूच नये. बरं, एकेक बघू.

कारखाने काढतील म्हणे. अहो, हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय! 20 सप्टेंबर 2019 ला पणजीत, जीएसटी कौन्सिलच्या मीटिंगआधी, निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना तर 15. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी. सेन्सेक्स त्याच दिवशी 1900 च्या वर उसळला, म्हणजे शेअरवाल्यांना संध्याकाळच्या आत पोचलं, बाकीच्यांनी वाट बघायची. मधे कोविड आला हे मान्य, पण कंपनी नवीन मशीन घेते ते गिऱ्हाईक दिसलं तर, नुसता टॅक्स वाचला म्हणून नाही. लोकांच्या खिशातच नसेल तर जास्तीचा माल काढून विकणार कोणाला?

पगार वाढतील? 2023-24 चा आर्थिक पाहणी अहवाल काढून बघा, सरकारचाच आहे, कुठल्या डाव्याचा नाही. 33 हजारांवर कंपन्यांचा करपूर्व नफा 2019-20 ते 2022-23 मधे जवळपास चौपट झाला, आणि भरती नि पगार त्या मानाने वाढलेच नाहीत असं त्यातच लिहिलंय. (सुरुवातीचं वर्ष जरा पडेल होतं, ते धरूनसुद्धा.) काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारावर असलेल्यांचं प्रमाण 2017-18 मधे 22.8 टक्के होतं, 2023-24 मधे 21.7. पाझर तलाव बांधतानासुद्धा खाली खडक कसाय ते आधी बघतात हो.

आणि टॅक्स कोण भरत नाही? मे 2020 मधे लिटरमागे 32.98 रुपये केंद्राची एक्साइज होती पेट्रोलवर, ती डिलिव्हरीवाल्या पोराने पण भरली आणि मर्सिडीजवाल्याने पण, तेवढीच.

संपत्ती कर 2015 लाच गेला. सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा सरचार्ज, म्हणजे टॅक्सवरचा जादा टॅक्स, इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममधे 2023 ला 37 वरून 25 टक्के झाला. अजून किती कमी केला की झिरपायला लागेल, तो आकडा मेसेजवाल्यांनी एकदा सांगावाच.