संस्कृती इतरांना असते

अभिनंदन. तुमचं ॲप आता जगभर जाणार, असं वरून कळलंय आणि मुदत शुक्रवारची आहे. घाबरू नका. वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांसाठी इंटरफेस, म्हणजे ॲपचा दर्शनी भाग, करणं लोक समजतात तितकं अवघड नसतं. एकच गोष्ट आधी मनात पक्की करा: संस्कृती इतरांना असते. तुम्ही आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीतला डेव्हलपर मात्र नॉर्मल आहात. तुम्ही डावीकडून उजवीकडे वाचता, कारण वाचायची दिशाच ती आहे. अरबी आणि हिब्रू वाचणाऱ्यांना उलटी सवय लागलीय, त्याला आपण काय करणार?

सुरुवात भाषेच्या मेनूपासून करा. तिथे झेंडे लावा, छान दिसतात. स्पॅनिशसाठी स्पेनचा. मेक्सिकोत स्पॅनिश बोलणारे स्पेनच्या दुपटीहून जास्त आहेत, पण लोकसंख्येवर झेंडा मिळत नसतो. अरबीसाठी वीसेक देशांतून जो झेंडा आयकॉनमध्ये नीट बसेल तो घ्या. स्विस माणसानं स्वतःचा झेंडा दाबला तर तिथल्या ४ राष्ट्रीय भाषांपैकी कुठलीही उघडून द्या, त्याला सगळ्या येत असतीलच. झेंड्याखाली भाषांची नावं मात्र इंग्रजीतच लिहा. इंग्रजी येत नाही म्हणून जो हा मेनू शोधतोय, त्याला निदान एवढं इंग्रजी यायला नको?

मग अनुवाद. सगळे शब्द सुटे करून एक्सेलमध्ये भरा आणि अनुवादकाला पाठवा. स्क्रीन दाखवू नका, फाटे फोडतो. मग कोपऱ्यातल्या फुलीला ‘जवळ’ असं नाव मिळतं, एप्रिल आणि जूनच्या मधे ‘शकेल’ नावाचा महिना उगवतो, आणि ‘फाइल वाचवा’ वाचून माणूस हातातलं काम टाकून धावतो. वाक्यंही तुकड्यांत ठेवा: आधी नाव, मग ‘ने’, मग ‘तुमचा’, मग वस्तू, मग ‘शेअर केला’. ‘सुनीता ने तुमचा यादी शेअर केला.’ कळलं ना? मग झालं. लिंग आणि विभक्ती हे मराठी माणसाचे जुने सोस आहेत.

अनेकवचनाचंही तसंच. रशियनमध्ये १ ला एक रूप, २ ते ४ ला दुसरं, ५ पासून तिसरं आणि २१ आले की परत पहिलं. अरबीत तर शून्यापासून मोजलं तर सहा प्रकार सांभाळावे लागतात. जपानी लोक बघा, किती समजूतदार. एक संदेश काय नि शंभर काय, नाम आपलं जागचं हलत नाही. बाकीच्यांसाठी कंसात इंग्रजीतला एक ‘स’ टाका आणि पुढे चला.

आता माझा लाडका विषय, बटणाची उंची. रोमन अक्षरांना लागते तेवढीच द्या, वर एक पिक्सेलही नको. देवनागरीला डोक्यावर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार हवेत आणि पायाशी उकार, ऋकार. एवढा जामानिमा घेऊन फिरायचं तर थोडी काटछाट सोसायला हवी. ‘पूर्ण’ हा शब्द घ्या. बटण वरून तोकडं पडलं की रफार गेला, खालून तोकडं पडलं की ऊकार गेला. उरतं काय? ‘पण’. पैसे भरून झाले, हिरवी खूण उमटली, आणि खाली लिहिलंय: ‘व्यवहार पण’. माणूस श्वास रोखून बसतो. पण काय? पैसे गेले पण पोचले नाहीत? पोचले पण दुसऱ्याला? तो पुन्हा बटण दाबतो, आणि तुमच्या आलेखात वापर वाढलेला दिसतो. थाई आणि व्हिएतनामी लिपीतही एकेका अक्षराच्या डोक्यावर दोन-दोन मजले चढतात, तिथेही हीच कात्री चालवा. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवली की सगळं जमतं, असं कोणी म्हणेल. त्याला बैठकीला बोलवू नका.

नावासाठी दोन रकाने, नाव आणि आडनाव, दोन्हींपुढे सक्तीचा लाल तारा. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, यांना प्रत्येकी एकच नाव होतं. दोघांनी मिळून १९४५ ते १९९८ एवढा काळ देश चालवला, तरी तुमच्या दुसऱ्या रकान्यापुढे एकाचीही मजल गेली नसती. ऊ थांट १९६१ ते १९७१ संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते. त्यातला ‘ऊ’ हा आदरार्थी शब्द, आडनाव त्यांना नव्हतंच. तुमच्या ॲपनं त्यांचं मोठ्या आपुलकीनं ‘हाय ऊ!’ असं स्वागत केलं असतं. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं, मुलाला ‘अमक्याचा मुलगा’ आणि मुलीला ‘अमक्याची मुलगी’ अशा अर्थाचं. म्हणजे सख्ख्या बहीणभावांचंही जुळत नाही. त्यांना कुटुंबाचा प्लॅन देण्याआधी नात्याचा पुरावा मागा.

अरबी आवृत्ती करताना अख्खी स्क्रीन आरशात धरा. ‘मागे’चा बाण उलटा होतो, तो व्हायलाच हवा, पण तिथे थांबणारे कच्चे. घड्याळाचे काटेही उलटे फिरवा, जणू रियाधमध्ये वेळ मागे जाते. गाणं लावायचा त्रिकोणही उलटा करा. आणि फोन नंबर तर नक्कीच. अरबी माणूस अक्षरं उजवीकडून लिहितो आणि आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून मांडतो, ही त्याची धरसोड आहे. तुम्ही ठाम राहा.

तारीख ०४/०५ अशी लिहा. चार मे की पाच एप्रिल, ते विमान चुकलं की कळतं. महिन्यांच्या यादीत १२ महिने पुरे, इथिओपियाचा ५-६ दिवसांचा तेरावा महिना हे लाड झाले. थायलंडमधलं कोणी बौद्ध सनाप्रमाणे जन्मवर्ष २५३३ टाकेल. त्याला नम्रपणे कळवा की आपण अजून जन्मलेला नाहीत. वेळेचे फरक अर्ध्या तासापर्यंत दाखवले तरी खूप झालं, नेपाळनं ते पाऊण तासाचं शेपूट स्वतःच निस्तरावं. रंगांचं तर विचारूच नका: चीनमध्ये शेअर वर गेला की लाल होतो. होऊ दे.

कोणी फारच वाद घातला तर प्लेस्टेशन या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा दाखला द्या. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, म्हणून तिथे वर्षानुवर्षं गोलाचं बटण होकाराला आणि फुलीचं नकाराला होतं. अमेरिकेत नेमकं उलटं. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला आणि जपानलाही फुली दाबून ‘हो’ म्हणायला लावलं. फुली-गोळ्याची ही खूण ज्यांच्याकडून आली त्यांनाच ती बदलायला लावता येते, तर तुमच्या वापरकर्त्यांचं काय घेऊन बसलात?

संशोधन हवंच असेल तर संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेड या डच संशोधकांचा तक्ता चिकटवा. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी जी प्रश्नावली भरली, तिच्यावरून देशादेशाला गुण दिलेत. हे आकडे समाजाचे आहेत, एकेकट्या माणसाचे नव्हेत, असं ते बिचारे स्वतःच बजावून गेले, पण स्लाइडवर एवढी जागा कुठे असते? अर्ध्या शतकापूर्वीच्या एका कंपनीतल्या नोकरदारांवरून आज कुठल्या आजीबाईंना किती मोठं बटण लागेल हे बसल्या जागी कळतं, हेच किती सोयीचं आहे. आजीबाईंना भेटायला गेलं तर दुपार जाते.

चाचणी शेजारच्या खुर्चीतल्या डेव्हलपरवर घ्या. त्याला सगळं कळलं तर जगाला कळलं. मग शुक्रवारी सोडून द्या. बऱ्याच मुस्लिम देशांत तो सुट्टीचा दिवस असतो, म्हणजे पहिले दोन दिवस तिकडून ओरडही होणार नाही.

नंतर झालीच, तर तक्रारीसाठी एक फॉर्म ठेवा. आडनाव सक्तीचं, जन्मवर्ष यादीतून निवडायचं, फोन नंबर तुमच्या देशाच्या मापाचा. एवढं सगळं ओलांडून कोणी खाली पोचलाच, तर त्याला ताटकळत ठेवू नका. लगेच हिरव्या पट्टीत उत्तर द्या: ‘तुमच्या तक्रारीची नोंद पण.’